बिलात न मावणारा आजार



या मंचावर कवी बोलून गेले, इतिहासकार बोलून गेले, एका वर्षी खगोलशास्त्रज्ञ आले होते. तिथं विमा कंपनीच्या क्लेम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला बोलावणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्याचं वाढण्यासारखं आहे. तरी संयोजकांनी आग्रह धरला. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडं अर्धं गाव कागद वाचून घ्यायला येत असे. सातबारा, बँकेची नोटीस, कोर्टाचं समन्स, काहीही. सर आधी कागद पूर्ण वाचत आणि मगच बोलत. आज त्याच रीतीनं एक कागद आपण वाचू. क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे गंभीर आजाराचा विमा.

हा विमा कुण्या विमेवाल्याच्या डोक्यातून निघालेला नाही. ३ डिसेंबर १९६७ला केप टाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात माणसाच्या हृदयाचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण झालं. सर्जन होते ख्रिस्तियान बर्नार्ड. नाव सगळ्या जगात झालं ते त्यांचं. त्याच चमूत त्यांचे धाकटे बंधू होते, मारियस बर्नार्ड, तेही हृदयशल्यविशारद. थोरल्या भावाच्या सावलीत राहिलेला हा माणूस पुढं वर्णभेदी राजवटीच्या संसदेत विरोधी बाकावरही बसला, आणि याच माणसानं गंभीर आजाराच्या विम्याची कल्पना मांडली. त्यांचे रुग्ण ऑपरेशनमधून वाचत होते आणि घरी जाऊन पैशानं खचत होते. फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या, मुलांना एकटीनं वाढवणाऱ्या एका बाईची हकीकत ते नेहमी सांगत. शस्त्रक्रिया झाली, पुढं ती तपासणीला आली ती धापा टाकतच. विश्रांती का घेतली नाहीस, तर नोकरी सोडून चालणार नव्हतं. डॉक्टरांनी आजारावर इलाज केला होता. घरभाड्यावर इलाज त्यांच्याकडं नव्हता.

मारियस विमा कंपन्यांकडं गेले. मेल्यावर पैसे देता, मग मरणाच्या दारातून परत आलेल्याला का देत नाही, असा त्यांचा एकूण युक्तिवाद. ६ ऑक्टोबर १९८३ला दक्षिण आफ्रिकेत क्रुसेडर लाइफ या कंपनीनं पहिली पॉलिसी बाजारात आणली. तिच्यात आजार होते चारच: हार्ट अटॅक, कर्करोग, पक्षाघात आणि बायपास शस्त्रक्रिया. यातला एखादा झाला की ठरलेली रक्कम एकदम हातात. बिल दाखवायचं नाही, खर्च कशावर केला ते सांगायचं नाही.

आता आपल्याकडं या. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, आणि तेव्हापासून आरोग्यविमा म्हणजे दवाखान्याचं बिल हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं. मेडिक्लेम भरपाई देतो. जेवढा खर्च झाला तेवढा, मर्यादेत राहून आणि कात्री लावून. गंभीर आजाराची पॉलिसी ठरावीक रक्कम देते. या फरकातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. मेडिक्लेमच्या दोन पॉलिसी असल्या तरी एका बिलाचे पैसे दोनदा मिळत नाहीत. गंभीर आजाराच्या दोन कंपन्यांकडच्या दोन पॉलिसी असतील, तर आजार व्याख्येत बसताच दोघींनाही पूर्ण रक्कम द्यावी लागते. मात्र दुसरी घेताना पहिलीची माहिती फॉर्मात दिलेली असली पाहिजे. एलआयसीनंही १९९०च्या दशकात ‘आशादीप’ नावाची पॉलिसी काढली होती. ती फारशी कुणाला आठवत नाही, कारण विकणाऱ्यालाही ती नीट समजावता येत नसे.

ही रक्कम कशासाठी लागते, हे पाहायचं असेल तर परळला जा. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथं बिहार-बंगालपासून आपल्या नांदेड-चंद्रपूरपर्यंतची माणसं येतात. केमोथेरपीच्या फेऱ्या तीन-तीन आठवड्यांनी, रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, असं महिनोन्‌महिने चालतं. गावी जाऊन परत येणं परवडत नाही, मुंबईत राहणं त्याहून परवडत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब, नाही तर हॉस्पिटलच्या आसपासचा फुटपाथ. रुग्णासोबत एक धडधाकट माणूस लागतो, म्हणजे घरातली दोन माणसं कामाबाहेर गेली. शेती अर्धलीनं दिली जाते, म्हैस विकली जाते, मुलीचं कॉलेज थांबतं. यातलं काहीही हॉस्पिटलच्या बिलावर छापून येत नाही.

उपचाराच्या बाबतीत सरकारनं बरंच केलं आहे, हे मान्य करायला मला संकोच नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, आणि दीड लाखाचं संरक्षण आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. कॅशलेस शस्त्रक्रिया होते, पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आणि घरी परतण्याचं भाडंसुद्धा धरलेलं आहे. बुडालेली मजुरी मात्र त्यात कुठं नाही.

मजुरी आणि आजार यांचा संबंध आपल्या कायद्याला ठाऊक नव्हता, असंही नाही. मारियस बर्नार्ड विमा कंपन्यांची दारं ठोठावत होते त्याच्या पस्तीस वर्षं आधी, १९४८ साली, आपल्या देशानं कर्मचारी राज्य विमा कायदा केला. ज्याला आपण ईएसआय म्हणतो तो. गिरणीतल्या, कारखान्यातल्या कामगाराला ईएसआयचं हॉस्पिटल आठवतं, त्याच्या रांगा आठवतात. त्यातली रोख रकमेची बाजू विसरली जाते. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. क्षय, कुष्ठ, कर्करोग, पक्षाघात अशा ३४ दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्यात पगाराच्या ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत. गंभीर आजाराचा विमा असावा कसा, याचा याहून चांगला नमुना मी कुठल्याही खाजगी कंपनीच्या माहितीपत्रकात पाहिलेला नाही. फक्त तो महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या, नोंदीतल्या कामगारांपुरता आहे.

म्हणून या पॉलिसीचा कागद वाचताना मी एक कसोटी लावतो. त्या घरातला पगार थांबतो का, आणि किती काळ? ही कसोटी हातात धरली की व्याख्यांचं जंगल बरंच उलगडतं. या विम्यात पैसे डॉक्टर घाबरला म्हणून मिळत नाहीत, आजार छापील व्याख्येत बसला म्हणून मिळतात. पूर्वी प्रत्येक कंपनीची व्याख्या वेगळी असे. २०१३ साली नियामकानं, म्हणजे आयआरडीएनं, ११ प्रमुख आजारांच्या व्याख्या सर्वांना एकसारख्या करून दिल्या. पुढं यादी वाढली. माहितीपत्रकावर ‘३६ आजार’, ‘६४ आजार’ असे आकडे ठळक अक्षरांत असतात. त्यांना भुलू नका. क्लेम खात्यात फायली येतात त्या मुख्यतः कर्करोग, हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांच्याच. बाकीची नावं मी निवृत्तीपर्यंत फक्त छापील यादीत वाचली.

मूत्रपिंडापासून सुरुवात करू, कारण तिथं वाद कमी. दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी आणि नियमित डायलिसिस सुरू, किंवा प्रत्यारोपण झालेलं, अशी व्याख्या आहे. आठवड्याला दोन-तीन दिवस, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेला माणूस पूर्ण नोकरी करू शकत नाही. पगाराच्या कसोटीला ही व्याख्या तंतोतंत उतरते.

पक्षाघाताच्या व्याख्येत मेंदूची कायमची हानी किमान तीन महिने टिकलेली हवी. काही तासांत जिरणारा झटका, डॉक्टर ज्याला टीआयए म्हणतात, तो बाहेर. यामुळं लोक चिडतात. वेळेत, साडेचार तासांच्या आत, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं आणि माणूस चालत घरी गेला, तर क्लेम नाही. माझ्या टेबलासमोर एका गृहस्थांनी विचारलं होतं, “म्हणजे आम्ही चांगला डॉक्टर गाठला हा आमचा गुन्हा?” प्रश्न झणझणीत होता. पण ते पुढच्या महिन्यात कामावर रुजू झाले होते, आणि उपचाराचं बिल मेडिक्लेमनं दिलं होतं. इथं व्याख्या कठोर आहे, चुकीची नाही.

अँजिओप्लास्टीचंही तसंच. ‘हृदयविकार कव्हर आहे’ एवढं ऐकून लोक पॉलिसी घेतात, स्टेंट बसतो, आणि क्लेम नाकारला जातो, कारण यादीत बायपास आहे. बर्नार्डच्या काळी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा मोठा इलाज म्हणजे छाती उघडणं. आज स्टेंट घालून माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो खर्चही आवाक्यात आला. काही पॉलिसी अँजिओप्लास्टीला रकमेचा थोडा भाग देतात. तो मिळाला तर घ्यावा, पण त्यासाठी जास्त हप्ता भरू नये असं माझं मत आहे.

हार्ट अटॅकची व्याख्या मात्र मला खटकते. तिथं तीन खुणा एकत्र लागतात: छातीत दुखण्यासारखी ठरलेली लक्षणं, ईसीजीमध्ये नवे बदल, आणि रक्तात ट्रोपोनिनसारख्या घटकांची वाढ. आता मधुमेही माणसाला अटॅक कधी कधी न दुखता येतो. आपल्या महाराष्ट्रात घरटी मधुमेह असताना पहिल्याच अटीवर असा माणूस अडकतो. हृदय दुबळं होतं, जिना चढवत नाही, काम सुटतं, आणि फाइलवर शेरा पडतो, ‘लक्षणांची नोंद नाही’. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर धाप, घाम, चक्कर यांतलं जे खरोखर झालं होतं ते लिहिलेलं असणं फार मोलाचं ठरतं. खोटं लिहून घ्या असं मी म्हणत नाही. झालेलं सगळं सांगा, आणि ते उतरवून घेतलंय ना ते दवाखाना सोडण्याआधी वाचा.

व्याख्या म्हाताऱ्या होतात, याचं मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. तिथल्या कॉमनवेल्थ बँकेची विमा कंपनी होती कॉमइन्शुअर. मार्च २०१६मध्ये पत्रकार अ‍ॅडेल फर्ग्युसन यांनी फेअरफॅक्सची वृत्तपत्रं आणि एबीसीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमातून तिचा कारभार चव्हाट्यावर आणला. माहिती देणारे होते कंपनीचेच माजी मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बेंजामिन कोह. हार्ट अटॅक ओळखण्याचे निकष वैद्यकशास्त्रानं बदलले होते, पॉलिसीतली पातळी जुनीच राहिली होती. डॉक्टरच्या लेखी अटॅक, कंपनीच्या लेखी नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीनं व्याख्या सुधारली आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली. पुढच्या वर्षी तिथल्या नियामकानं निष्कर्ष काढला की व्याख्या कालबाह्य होती, पण कायद्याचा भंग झालेला नव्हता. या निष्कर्षाचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. करारात जे छापलं तेवढंच द्यायचं, हे आमच्या धंद्याचं व्याकरण आहे. मग छापलेलं वेळोवेळी तपासणं ही जबाबदारी नियामकाची, आणि तिथं ढिलाई झाली की भुर्दंड रुग्णाला.

राहिला कर्करोग. इथं माझी कसोटी कंपन्यांच्या विरोधात जाते. ऊतींमध्ये घुसलेला, बायोप्सीनं सिद्ध झालेला कर्करोग कव्हर होतो. पेशी बदलल्या आहेत पण अजून जागच्या जागी आहेत, अशा अगदी पहिल्या पायरीला नेहमीच्या व्याख्येत पैसे नाहीत. थायरॉइडची बारीक गाठ आणि प्रोस्टेटच्या सुरुवातीच्या काही गाठीही बाहेर. थायरॉइडच्या बाबतीत मी समजू शकतो, माणूस लवकर कामावर येतो. पण स्तनाच्या नलिकांमधला पहिल्या पायरीचा कर्करोग पसरलेला असेल तर पूर्ण स्तन काढावा लागतो. त्या बाईचे काही महिने जातात, आणि फाइलवर मात्र ‘गंभीर’ नाही. म्हणून कर्करोगाच्या सुरुवातीच्या पायरीला अंशतः रक्कम देणारी पॉलिसी मिळत असेल तर तिथं थोडा जास्त हप्ता मी जरूर भरेन. एलआयसीच्या २०१७च्या कॅन्सर कव्हरमध्ये अशा पायरीला रकमेचा चौथा हिस्सा ठेवला होता आणि मोठ्या टप्प्यावर पूर्ण रकमेखेरीज दहा वर्षं दरमहा एक टक्का. दरमहा पैसे द्यायचे, हे कुणाला तरी सुचलं याचं मला कौतुक वाटलं.

बायकांचा विषय निघालाच आहे. गृहिणीला हा विमा द्यायला कंपन्या नाखूश असतात, उत्पन्नाचा दाखला मागतात. तिचा पगार नाही, म्हणून थांबणारही काही नाही, असं त्यांचं गणित. घरातली आई सहा महिने अंथरुणाला खिळली तर स्वयंपाकाला बाई, सासऱ्यांना सांभाळायला माणूस, मुलांना शिकवणी, असे किती जणांचे पगार सुरू होतात ते कुठल्याही नवऱ्याला विचारा. नवऱ्याच्या पॉलिसीसोबत बायकोला कमी रकमेचं कव्हर देणाऱ्या कंपन्या आहेत. ते मागून घ्यावं लागतं, कुणी आपणहून सांगत नाही.

आता दोन मुदती, ज्यांवर सर्वांत जास्त भांडणं होतात. पॉलिसी सुरू झाल्यापासून बहुधा ९० दिवस प्रतीक्षेचे असतात. त्या काळात निदान झालं तर पैसे नाहीत. दुखणं अंगावर काढत पॉलिसी घेणाऱ्यांना रोखण्यासाठी हे आहे, आणि असे लोक असतात, मी पाहिलेत. दुसरी मुदत निदानानंतर जगण्याची, साधारण ३० दिवस, काही ठिकाणी १५. एकोणतिसाव्या दिवशी माणूस गेला तर या पॉलिसीतून काही नाही. ऐकायला हे क्रूर आहे. कंपनीचं म्हणणं, मृत्यूसाठी वेगळा विमा असतो. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि म्हणूनच ज्याच्याकडं साधा टर्म विमा नाही त्यानं आधी तो घ्यावा, मेडिक्लेम घ्यावा, आणि मगच इकडं वळावं. टर्म विम्याला जोडून रायडर घेत असाल तर एक प्रश्न विचाराच: आजाराची रक्कम मूळ विम्यातून वजा होणार की वरून मिळणार? वजा होणारा रायडर स्वस्त असतो. कर्करोगाला वीस लाख मिळाले आणि माणूस तीन वर्षांनी गेला, तर घरच्यांना पन्नास लाखांऐवजी तीसच मिळतात, आणि हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

रक्कम किती घ्यावी, हा प्रश्न एजंट हप्त्यावरून सोडवतो. आपण पगारावरून सोडवू. समजा साताऱ्यातल्या एका शिक्षकाच्या घरखर्चाला महिना चाळीस हजार लागतात. दोन वर्षं काम थांबेल असं धरलं तर साडेनऊ लाखांच्या वर जातं, त्यात घराच्या कर्जाचे हप्ते आणि मुंबई-पुण्यातलं राहणं मिळवा. पंधरा लाखांखाली जाऊ नये. पन्नाशीनंतर नव्यानं घ्यायला निघालात तर हप्ता इतका असतो की तोच पैसा बाजूला टाकणं बरं. वैयक्तिक पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून गेला, तेवढा दिलासा. कलम ८०डीची सवलत फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना.

फॉर्म स्वतः भरा. एजंट चांगला असेल, नात्यातला असेल, तरी भरा. “बीपीची गोळी लिहू नका काका, उगाच मेडिकल मागतील,” हे वाक्य किती क्लेमच्या मुळाशी होतं, याला गणती नाही. २०२४पासून आरोग्य पॉलिसीत आधीच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं झाली आहे, आणि पाच वर्षं पॉलिसी सलग चालल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज. त्याआधी मात्र ती लपवलेली गोळी तुमच्यावर उलटते. पॉलिसी हाती आल्यावर परत करायला ३० दिवस असतात, तेवढ्यात ती वाचा. आणि क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं जा. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेतून मागून घरी ठेवा. लोक रिपोर्ट जपतात आणि ज्यावरून रिपोर्ट झाला ते हरवतात.

हे सगळं मी सांगितलं ते या सभागृहात बसलेल्यांसाठी, ज्यांना हप्ता भरणं शक्य आहे. परळच्या फुटपाथवरच्या माणसाला यातलं काहीच लागू नाही. त्याचं उत्पन्न दाखवता येत नाही, त्याला कुणी एजंट भेटत नाही. त्याच्यासाठी खाजगी कंपनीची वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि त्याची गरजही नाही. एप्रिल २०१८पासून केंद्र सरकार क्षयरुग्णाच्या खात्यावर निक्षय पोषण योजनेतून दरमहा ५०० रुपये जमा करत आहे, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. रक्कम लहान आहे, पण रचना बघा: निदान झालं, नोंद झाली, पैसे खात्यात, बिल कुणी मागत नाही. मारियस बर्नार्डची पॉलिसी याहून वेगळी काय होती?

अशीच बुडालेली मजुरी सरकारनं रुग्णाला द्यावी म्हटलं तर फसवणूक होईल, हा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्याच खात्याचा आवडता आक्षेप. पण फुले योजनेत केमोथेरपी किंवा डायलिसिस मंजूर होतं तेव्हा बायोप्सी, रक्ताचे रिपोर्ट आणि रेशनकार्ड आधीच तपासलेलं असतं. रुग्ण कोण, आजार कुठला, उपचार किती महिने, हे सगळं सरकारी संगणकावर आहे. पाऊस गेला तर हाताला काम देणारा रोजगार हमीचा कायदा याच राज्यानं १९७७ साली केला होता, तेव्हा कुठं संगणक होते? सुरुवात दोनच आजारांपासून करावी, कर्करोग आणि डायलिसिस. उपचार चालू असतील तेवढे महिने, रोजगार हमीच्या मजुरीदरानं, रुग्णाला आणि त्याच्यासोबत थांबणाऱ्या एकाला.